लहान मुलांना घेऊन पुणं बघताना : तयारीपासून परतीपर्यंत

मुलांना घेऊन पुण्यात येणाऱ्या पाहुण्यांच्या हातात बहुतेक वेळा एक यादी असते. शनिवारवाडा, दगडूशेठ, आगाखान पॅलेस, कात्रजचं प्राणिसंग्रहालय, सिंहगड, आणि वेळ उरला तर लक्ष्मी रस्ता. मोठ्यांना ही यादी दोन दिवसांत उरकता येते. दोन ते सात वर्षांच्या मुलांना मात्र पहिल्याच दुपारी कंटाळा, ऊन आणि भूक अशी तिन्ही एकदम गाठतात. मग रिक्षात रडारड होते आणि संध्याकाळी सगळे एकमेकांवर चिडलेले असतात.

आमचं घर नारायण पेठेत, त्यामुळे सुट्ट्यांमध्ये नागपूरची, कोल्हापूरची, परदेशातली भाचरं आमच्याकडेच उतरतात. त्यांना फिरवता फिरवता माझं एक मत पक्कं झालं आहे. दिवसाचे दोन तुकडे करा, मधली दुपार मोकळी सोडा आणि एका तुकड्यात एकाच भागात राहा. या लेखातलं बाकी सगळं याच एका गोष्टीभोवती आहे.

आधी महिना ठरवा

पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर असल्यामुळे इथली हवा मुंबईसारखी चिकट नसते. तरी हे उष्ण कटिबंधातलं शहर आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या आसपास जातो आणि अकरानंतरचं ऊन लहान मुलांना झेपत नाही. मुलांसाठी सगळ्यात चांगला काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा अंशांपर्यंत उतरतो आणि दुपारी अर्ध्या बाह्यांचा सदरा पुरतो. म्हणून सकाळी स्वेटर, कानटोपी घाला, पण आत सुती कपडे असू द्या. दहा वाजता स्वेटर काढून पिशवीत जाणारच असतो.

पावसाळ्यात जून ते सप्टेंबर पुणं हिरवंगार असतं, पण बागांमध्ये चिखल असतो आणि झोपाळे ओले. या दिवसांत संग्रहालयं आणि मेट्रो यांच्यावर भर द्या. खडकवासला धरणातून पाणी सोडलं की मुठेवरचा भिडे पूल पाण्याखाली जातो. ते पाणी मुलांना दाखवायचं असेल तर वरच्या पुलावरून, हात धरून दाखवा. नदीकाठी उतरू नका.

शाळांना सुट्टी म्हणून मे महिन्यातच यावं लागत असेल तर निदान एक गंमत साधून घ्या. १३-१४ मेच्या सुमाराला पुण्यात सूर्य भरदुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि साडेबाराच्या सुमारास उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली नाहीशी होते. हाच तो शून्य सावली दिवस. गच्चीत पाण्याची बाटली किंवा पेला उभा ठेवा आणि मुलांना दहा मिनिटं सावली आकसताना बघू द्या. वर्षातून दोनदा असं होतं, पण दुसरी वेळ जुलैअखेरची, आणि तेव्हा ढग बघू देत नाहीत. एवढ्या एका कारणासाठी भरदुपारी मुलांना टोपी घालून उन्हात न्यायला माझी हरकत नाही. लगेच खाली आणा म्हणजे झालं.

मुक्काम कुठे करायचा

मुक्काम गावात करा. डेक्कन, शिवाजीनगर, सदाशिव पेठ, नाहीतर वनाझ ते रामवाडी या मेट्रो मार्गावरच्या एखाद्या स्थानकाजवळ. हिंजवडीला किंवा खराडीच्या टोकाला स्वस्तात चांगली खोली मिळेलही, पण मग दुपारी झोपायला परत येणं अशक्य होतं आणि सगळी आखणी कोसळते. नातेवाइकांकडे उतरणार असाल आणि त्यांचं घर लांब असेल तर दुपारपुरता आसरा गावात कुणाकडे मिळतो का ते आधीच विचारून ठेवा. पुण्यात दुपारी सतरंजी टाकून द्यायला कुणी नाही म्हणत नाही.

खोली घेताना चार गोष्टी विचारा: लिफ्ट आहे का, गरम पाणी किती वाजता येतं, दूध तापवता येईल का, आणि खिडकीला जाळी आहे का. शेवटचा प्रश्न डासांसाठी आहे आणि तो पहिल्या तिन्हींपेक्षा महत्त्वाचा आहे.

दिवसाचं वेळापत्रक

सकाळी आठ-साडेआठला बाहेर पडा, साडेअकरापर्यंत एक भाग बघा, बाराला जेवण, मग झोप. चारला उठून दूध-खाऊ, साडेचार-पाचला बाहेर, आठच्या आत घरी. पुण्याला वामकुक्षीची सवय जुनी आहे आणि लहान मुलांच्या सोयीसाठी ती फार चांगली आहे. दुपारी काही छोटी दुकानं बंद असतात, काही बागाही दुपारी मिटतात, तेव्हा घरी राहून तुमचं काही चुकत नाही.

सकाळच्या तुकड्यात बघण्याचं ठिकाण ठेवा आणि संध्याकाळच्या तुकड्यात पळण्याचं. वाडा, संग्रहालय, देऊळ सकाळी. बाग, टेकडी, झोपाळे संध्याकाळी. हा क्रम उलटा केला तर दमलेल्या मुलाला संग्रहालयात ‘हात लावू नको’ असं सतत सांगावं लागतं.

पिशवी

एकच पाठीवरची पिशवी न्या, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. प्रत्येकाची पाण्याची बाटली भरून घ्या. एक जादा कपड्यांचा जोड, ओला रुमाल, टोप्या, डासांचं मलम, जलसंजीवनीची दोन पाकिटं, कोरडा खाऊ आणि ओल्या कपड्यांसाठी एक प्लास्टिकची पिशवी एवढं पुरतं. कोरडा खाऊ म्हणजे चुरमुरे, राजगिऱ्याचा लाडू, केळं. उन्हात वितळणारं चॉकलेट नको. एक मोठं सुती उपरणं जरूर ठेवा. ते सावलीला, अंगावर पाजताना आडोशाला, मांडीवर झोपलेल्या मुलाला पांघरायला आणि गवतावर अंथरायला चालतं.

बाबागाडी पेठांमध्ये नेऊ नका. फुटपाथ अरुंद, मध्येच खांब, मध्येच दुचाक्या. बाळाला अंगाशी बांधायची झोळी बरी. जंगली महाराज रस्त्यावर मात्र रुंद फुटपाथ आहेत, मध्ये मध्ये मुलांना खेळायला साधनंही आहेत. तिथे बाबागाडी खुशाल चालवा.

शहरात फिरायचं कसं

पुण्याची मेट्रो ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाली आणि मुलांसह फिरणाऱ्यांचं अर्धं काम तिने सोपं केलं आहे. एक मार्ग पिंपरी-चिंचवडहून स्वारगेटला जातो, दुसरा वनाझहून रामवाडीला. दोन्ही जिल्हा न्यायालय स्थानकात एकमेकांना मिळतात. लिफ्ट आहे, स्वच्छतागृह आहे, गारवा आहे. स्वच्छतागृहाचा मुद्दा मी मुद्दाम लिहिते, कारण गावातल्या पेठांत लहान मुलीला घेऊन फिरताना हीच सगळ्यात मोठी अडचण असते. मेट्रोत शिरलात की आधी तिकडे जाऊन या, मग फलाटावर. अंगावर पिणारं बाळ असेल तर एसटी स्थानकांतला हिरकणी कक्षही लक्षात ठेवा.

मुलांसाठी मेट्रो हीच एक सहल आहे. जिल्हा न्यायालयाचं भुयारी स्थानक जमिनीखाली सुमारे ३३ मीटर आहे. सरकत्या जिन्यांवरून खाली, अजून खाली जात राहायचं. तिथून स्वारगेटकडे निघालेली गाडी मुठा नदीच्या खालून जाते. ‘आता आपल्या डोक्यावर नदी आहे’ हे ऐकल्यावर चार वर्षांचं मूल गप्प होऊन छताकडे बघतं. येताना डेक्कन आणि संभाजी उद्यान स्थानकांची छपरं बाहेरून दाखवा, त्यांचा आकार मावळी पगडीसारखा आहे.

स्थानकापासून पुढे रिक्षा. मीटर टाकायला सांगा किंवा ॲपवरून बोलवा. मुलाला रस्त्याच्या बाजूला बसवू नका, मधे बसवा, आणि उतरताना आधी मोठ्या माणसाने डावीकडून उतरायचं. चालताना मूल नेहमी भिंतीच्या बाजूला ठेवा. पुण्यातली दुचाकी कुठल्याही दिशेने येते, एकेरी रस्त्यावरही. एका मोठ्या माणसामागे एक मूल ही वाटणी घरातून निघतानाच नाव घेऊन करा. ‘सगळे बघतायत’ म्हणजे कुणीच बघत नसतं. मुलाच्या खिशात फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा आणि त्याला एकच नियम शिकवा: आई-बाबा दिसले नाहीत तर जिथे आहेस तिथेच उभं राहायचं.

पहिली सकाळ : कसबा पेठ आणि शनिवारवाडा

सुरुवात इथूनच करा. कसबा पेठ मेट्रो स्थानकावर उतरलात की सगळं चालण्याच्या अंतरावर आहे.

शनिवारवाड्याचा पाया थोरल्या बाजीरावांनी १७३० साली घातला. १८२८ च्या आगीत आतला लाकडी वाडा जळून गेला. आज आत जोती, हिरवळ आणि हजारी कारंज्याचा हौद एवढंच उरलं आहे. मोठ्यांना ते कधी कधी रिकामं वाटतं, पण मुलांच्या दृष्टीने ही फार चांगली जागा आहे, कारण पळायला भरपूर वाव आहे आणि मोडण्यासारखं काही नाही. लवकर जा, सावली फारशी नाही.

आत नुसतं फिरू नका, मुलांना काम द्या. वाड्याला पाच दरवाजे आहेत: दिल्ली, मस्तानी, खिडकी, गणेश आणि जांभूळ. ते शोधायचे. बुरूज नऊ, ते मोजायचे. दिल्ली दरवाज्यापाशी थांबून त्याचे लोखंडी सुळे दाखवा आणि विचारा, एवढे टोकदार आणि एवढ्या उंचीवर कशाला? हत्ती धडक मारायला आला तर त्याच्या कपाळाची ती उंची. हे उत्तर मुलांना स्वतः काढू द्या. मग मोठ्या दरवाज्यात असलेला माणसाएवढा छोटा दिंडी दरवाजा दाखवा. पाच वर्षांखालच्या मुलांना नारायणरावांच्या खुनाची आणि ‘काका मला वाचवा’ची गोष्ट तिथे सांगू नका. रात्री झोपताना ती परत येते आणि वाड्याची आठवण म्हणून तेवढीच उरते.

तिथून पाच-सात मिनिटांवर लाल महाल. मूळ महालात शिवराय लहानाचे मोठे झाले आणि १६६३ मध्ये त्यांनी शाहिस्तेखानावर छापा घातला तो इथेच. आजची इमारत महापालिकेने नंतर बांधलेली आहे, हे मुलांना स्पष्ट सांगा. जिजाऊंबरोबर बालशिवाजी सोन्याचा नांगर धरून पुण्याची जमीन नांगरतात, ते शिल्प त्यांना लगेच आवडतं. पंधरा मिनिटं पुरतात. पुढे कसबा गणपती, पुण्याचं ग्रामदैवत. सकाळी गर्दी कमी असते, दर्शन शांतपणे होतं.

आणि आता या सकाळीतली माझी सगळ्यात आवडती जागा: तांबट आळी. कसबा पेठेतल्या या आळीत तांब्याची भांडी हाताने घडवली जातात. आळी दिसण्याच्या आधी ऐकू येते. ठोक ठोक ठोक, एका घरातून एक ताल, समोरच्या घरातून दुसरा. कारागीर मांडी घालून बसलेले असतात आणि लोखंडी ऐरणीवर घंगाळ किंवा बंब फिरवत हातोडीने एकसारखे ठोके देतात. प्रत्येक ठोक्याने तांब्यावर एक छोटी चकाकती खळी पडते. खळीला खळी लागून ओळ होते, ओळीला ओळ लागून सगळं भांडं चमकायला लागतं. याला मठारकाम म्हणतात आणि त्याने पत्रा घट्ट, मजबूत होतो. माझी पाच वर्षांची भाची पहिल्यांदा कान झाकून उभी राहिली. मग हळूच एक बोट काढलं, मग दुसरं, आणि शेवटी कारागिराच्या समोर उकिडवी बसून ती ठोके मोजायला लागली. तिथून तिला उठवणं कठीण झालं.

इथे जाताना काही पथ्यं पाळा. ही लोकांची घरं आणि कामाची जागा आहे. आधी ‘काका, मुलांना बघू का?’ असं विचारा. फोटो विचारून काढा. तान्ह्या बाळाला आवाजाच्या अगदी जवळ नेऊ नका. तांब्याचा एखादा छोटा गडू किंवा भांडं विकत घ्या. मुलाच्या हातात त्या आळीची वस्तू राहते आणि कारागिराचा वेळ फुकट जात नाही.

एवढं झालं की साडेअकरा वाजलेले असतील. परत फिरा. ‘जवळच आहे तर दगडूशेठही करून घेऊ’ असं कुणीतरी म्हणेल. नको. तो गणपती दुसऱ्या दिवशी सकाळी सातला करा, रांग लहान असते.

मंडई, तुळशीबाग आणि केळकर संग्रहालय

दुसऱ्या सकाळी मंडई स्थानकावर उतरा. महात्मा फुले मंडईची अष्टकोनी दगडी इमारत १८८६ साली खुली झाली. मुलांना दहा-दहाच्या दोन नोटा द्या आणि कोथिंबीर, लिंबं त्यांनाच घेऊ द्या. भाजीवाल्या मावशी मुलांशी फार छान बोलतात आणि एखादी कढीपत्त्याची काडी वर टाकतात. शहरातल्या पॅकबंद भाजीवर वाढलेल्या मुलांना सुरण, नवलकोल, अळूची गड्डी हातात घेऊन बघता येते.

तुळशीबागेत शिरायचं ते भातुकलीसाठी. पितळेची चूल, परात, पोळपाट-लाटणं, जातं, सगळं बोटभर आकाराचं. मुलगा असो की मुलगी, हा खेळ दोघांनाही द्या. गल्ल्या अरुंद आहेत, म्हणून दुकानं उघडता उघडता जा आणि मुलाचं मनगट धरा, बोट नको. आतल्या राममंदिराच्या आवारात बसून दोन घास खाता येतात.

मग राजा दिनकर केळकर संग्रहालय. दिनकर केळकर, म्हणजे कवी अज्ञातवासी, यांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून जुन्या घरगुती वस्तू गोळा केल्या आणि लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव संग्रहालयाला दिलं. १९७५ मध्ये त्यांनी हा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. वीस हजारांच्या आसपास वस्तू आहेत, मांडलेल्या असतात त्यातल्या मोजक्या. हे संग्रहालय मुलांना का आवडतं, तर इथे राजांच्या तलवारींपेक्षा घरातल्या वस्तू जास्त आहेत. दिवे, अडकित्ते, वज्री, कुंच्या, पेटारे, कोरीव दरवाजे. सगळी दालनं बघायचा हट्ट धरू नका. निघायच्या आधी मुलाला एकच शोध द्या: ‘प्राण्यांच्या आकाराच्या किती वस्तू सापडतात ते सांग.’ अडकित्त्यांच्या आणि दिव्यांच्या कपाटांपुढे मोर, घोडे, पोपट, हत्ती असे काही सापडतात की मूल स्वतःच तुम्हाला ओढत नेतं. पाऊण तास, फार तर एक तास. संग्रहालय सकाळी दहाला उघडतं, म्हणून मंडई आधी.

संध्याकाळ : सारसबाग, फुलराणी, पर्वती

इथे एकदम तिन्ही करू नका. सहा वर्षांखालच्यांना सारसबाग आणि शेजारचं पेशवे उद्यान पुरे. सारसबागेच्या जागी पूर्वी पर्वतीच्या पायथ्याचं तळं होतं, म्हणून तो तळ्यातला गणपती. थंडीत या गणपतीला लोकरीचा स्वेटर आणि कानटोपी घालतात. जे मूल सकाळी स्वेटर घालायला नाही म्हणत होतं, त्याला हे नक्की दाखवा.

पेशवे उद्यानातली फुलराणी, म्हणजे मुलांची छोटी आगगाडी, १९५६ पासून धावते आहे. तिच्या डब्यात बसलेल्या कितीतरी आज्या पूर्वी याच गाडीत आपल्या आईच्या मांडीवर बसलेल्या आहेत. सुट्टीच्या दिवशी रांग असते, म्हणून आधी तिकीट काढा आणि मग झोपाळे. बाहेरच्या चौपाटीवर भेळ घेतली तर तिखट चटणी वेगळी मागा आणि कापून ठेवलेली फळं टाळा.

सहा-सात वर्षांच्या मुलांना पर्वती चढवा. पायऱ्या १०३, रुंद आणि चढायला सोप्या. सकाळी सातला किंवा सूर्य कलल्यावर निघा. मुलांना पायऱ्या मोजायला सांगा, प्रत्येकाचा आकडा वेगळा येतो आणि त्यावर उतरताना वाद घालता येतो. नानासाहेब पेशव्यांनी बांधलेलं देवदेवेश्वराचं मंदिर वर आहे. कठड्यापाशी मूल हातात घट्ट धरून सगळं शहर दाखवा आणि आपलं घर कुठल्या बाजूला ते ओळखायला लावा.

कात्रज : एक पूर्ण सकाळ

राजीव गांधी प्राणिसंग्रहालय सुमारे १३० एकरांवर पसरलेलं आहे आणि बुधवारी बंद असतं. ही गोष्ट फाटकावर गेल्यावर कळली तर मुलांची समजूत घालणं अवघड. स्वारगेटहून कात्रजला पीएमपीच्या बस सतत असतात. उघडताच आत शिरा, कारण प्राणी सकाळीच हालचाल करताना दिसतात. आत चालणं खूप आहे. बॅटरीवरच्या गाडीचं तिकीट आधीच काढा, पण त्या गाडीतून सगळं बघून संपवू नका. वाघ, हत्ती आणि सर्पोद्यान एवढं पायी आणि शांतपणे बघा. सर्पोद्यान १९८६ मध्ये नीलिमकुमार खैरे यांनी सुरू केलं. साप विषारी कुठला, बिनविषारी कुठला याच्या पाट्या मुलांना मोठ्याने वाचून दाखवा. भीती कमी होते आणि माहितीही मिळते. काचेवर टकटक करू देऊ नका.

वेळ असेल तर

कोथरूडमधलं जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पावसाळी दिवसाला उत्तम. १९९८ मध्ये सुरू झालेल्या या जागेत एका मोठ्या मांडणीवर छोटं शहर उभारलं आहे आणि त्यात गाड्या, सिग्नल, रोपवे सगळं प्रत्यक्ष चालतं. साधारण अर्ध्या तासाचा खेळ असतो, त्याची वेळ आधी फोनवर विचारून घ्या.

सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान जपानी पद्धतीचं आहे, ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं. वळणाच्या वाटा, पाणी, मासे. दुपारी बंद असतं आणि आत खाणं नेता येत नाही, म्हणून पोटभर खाऊनच जा. धावाधाव करणाऱ्या मुलापेक्षा बघत बसणाऱ्या मुलाला ही बाग भावते.

आगाखान पॅलेस १८९२ चा. १९४२ ते १९४४ मध्ये महात्मा गांधी इथे नजरकैदेत होते, आणि कस्तुरबा व महादेवभाई देसाई यांचं इथेच निधन झालं. मुलांना हे साध्या शब्दांत सांगा, समाधीपाशी दोन मिनिटं शांत बसा, मग हिरवळीवर जा. कल्याणीनगर स्थानकावरून रिक्षा करा.

जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर मुद्दाम लिहिते, कारण अनेक जण त्याच्या समोरून जातात आणि आत शिरत नाहीत. आठव्या शतकातलं, अखंड खडकात कोरलेलं शिवमंदिर, समोर गोल नंदीमंडप. आत पाय ठेवताच गारवा लागतो. ‘हे बांधलेलं नाही, दगड काढून टाकून केलेलं आहे’ हे मुलाला भिंतीवर हात फिरवू देऊन सांगा.

सिंहगडाबद्दल माझं मत थोडं कडक आहे. तीन वर्षांखालचं मूल असेल तर सोडून द्या. त्याहून मोठ्यांना न्यायचं तर आडवारी, गाडीने, सकाळी लवकर. शनिवार-रविवारी घाटात गाड्या अडकतात आणि मुलांना उलट्या होतात. वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही मिळतं, दही मुलं आनंदाने खातात.

खाणं

सकाळी घरून काहीतरी खाऊनच निघा. नावाजलेल्या उपाहारगृहांत सुट्टीच्या दिवशी तासभर थांबावं लागतं आणि भुकेलं मूल तेवढं थांबत नाही. इडली, उपमा, साधा डोसा नऊच्या आत मिळवा. मिसळ मोठ्यांनी खावी. मुलांसाठी रस्सा वेगळा मागा आणि त्यांना मटकी-फरसाणावर दही घालून द्या. दुपारी थाळीच्या ठिकाणी ‘एक वाटी साधं वरण, भात, तूप आधी आणा, बाकीचं नंतर’ असं सांगा. मुलांचं जेवण होईस्तोवर तुमचं ताट येतं.

मस्तानी ही पुण्याची खासियत, घट्ट दुधावर आइस्क्रीमचा गोळा. दोन मुलांत एक पेला घ्या आणि ती संध्याकाळच्या खेळाआधी नको, नंतर द्या. उसाचा रस बिनबर्फाचा. ताक, कोकम सरबत, पन्हं घरून नेलेलं बरं.

गणपतीत येणार असाल तर

मानाचे पाच गणपती, म्हणजे कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा, सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान निवांत बघता येतात. रात्रीचे देखावे लहान मुलांना दाखवायचेच असतील तर तुमच्या मुक्कामाजवळच्या दोन-तीन मंडळांपुरतेच. विसर्जन मिरवणुकीत तान्ह्या बाळाला नेऊ नका. ढोल-ताशांचा आवाज त्यांच्या कानांना सोसत नाही आणि गर्दीतून पटकन बाहेर पडता येत नाही. आषाढी वारीच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हा रस्ते बंद असतात. त्या दिवसांत दुसरं काही ठरवू नका, फुटपाथवर उभं राहून वारकऱ्यांना पाणी देणं हाच मुलांचा कार्यक्रम ठेवा.

तब्येत

मुलाला तहान लागेपर्यंत थांबू नका, दर अर्ध्या तासाने दोन घोट द्या. लघवी पिवळी किंवा कमी झाली तर दिवसाचा उरलेला बेत रद्द करा. जुलाब सुरू झाले आणि जलसंजीवनीचं पाकीट हाताशी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. चमचा चहाचा. हे थोडं थोडं पाजत राहा आणि डॉक्टरांना गाठा. पावसाळ्यात आणि त्यानंतर डेंग्यूचे डास असतात आणि ते दिवसाच चावतात, म्हणून सकाळी निघतानाच मलम लावा, पातळ पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. दोन महिन्यांखालच्या बाळाला मलम लावू नका, जाळी वापरा. मुक्कामाजवळचा बालरोगतज्ज्ञ कोण, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२.

परतीची तयारी

पुस्तकं घ्यायची असतील तर अप्पा बळवंत चौकात एक तास काढा आणि मुलाला एक पुस्तक स्वतः निवडू द्या, मग ते कसंही असो. बाकरवडी कुठेही मिळते. कॅम्पातल्या कयानी बेकरीची श्रूजबेरी बिस्किटं हवी असतील तर ती दुपारी बंद असते आणि रविवारी सुट्टी असते. म्हणून हे काम निघायच्या दिवसावर ठेवू नका. आदल्या दिवशी सकाळी घरातल्या एकानेच जाऊन यावं, मुलांना त्या रांगेत उभं करायचं काहीच कारण नाही.